सार्वत्रिक स्थापना (सॉफ्टवेअर)

सार्वत्रिक स्थापना : अनेक खाती असलेल्या सामायिक संगणकावर एखादे सॉफ्टवेअर एकदाच इन्स्टॉल करून ते सर्व वापरकर्त्यांना चालवता येईल अशी केलेली व्यवस्था. सामायिक जागा, त्या जागेतील फायली वाचण्याचा व चालवण्याचा अधिकार, आणि कमांड कोठे शोधावी हे शेलला (वापरकर्त्याच्या कमांड घेऊन चालवणाऱ्या प्रोग्रॅमला) सांगणारा पाथ हे तिचे तीन घटक होत. येथील विवेचन मुख्यतः युनिक्स व लिनक्स प्रणालींना धरून केले आहे.

सामायिक जागेचा इतिहास ‘/यूएसआर’ या डिरेक्टरीपासून सुरू होतो. बेल लॅबोरेटरीजमध्ये केन टॉमसन व डेनिस रिची यांनी युनिक्स पीडीपी–११ या संगणकावर आणली, तेव्हा मूळ प्रणाली सुमारे अर्ध्या मेगाबाइटच्या चकतीवर होती. वापरकर्त्यांच्या फायली दुसऱ्या, मोठ्या चकतीवर असत आणि ती चकती ‘/यूएसआर’ या नावाने जोडली जाई. पहिल्या चकतीवर जागा अपुरी पडू लागल्यावर काही कमांडही तिकडे हलवण्यात आल्या. हे स्थलांतर १९७० च्या दशकाच्या प्रारंभी झाले असावे. युनिक्सच्या सातव्या आवृत्तीच्या (१९७९) पुस्तिकेत ‘/यूएसआर/बिन’चे प्रयोजन ‘/बिन’ (कमांडची मूळ डिरेक्टरी) लहान ठेवणे असेच दिले आहे. ‘यूएसआर’ हे ‘युनिक्स सिस्टिम रिसोर्सेस’चे लघुरूप आहे असे एक मत प्रचलित आहे, परंतु टॉमसन व रिची यांच्या स्वतःच्या फायली याच डिरेक्टरीखाली असत हे ध्यानात घेता ते ‘यूझर’चे आखूड रूप असावे व दीर्घ विग्रह मागाहून जुळवला गेला असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. वापरकर्त्यांची घरे पुढे ‘/होम’मध्ये गेली, आणि ज्या डिरेक्टरीला त्यांचे नाव होते तीत सर्वांसाठीची सॉफ्टवेअर उरली. फेडोरा १७ मध्ये (२०१२) ‘/बिन’ ही ‘/यूएसआर/बिन’मध्येच विलीन करण्यात आली.

प्रणालीसोबत न आलेले, स्थानिक प्रशासकाने स्वतः बसवलेले सॉफ्टवेअर ‘/यूएसआर/लोकल’मध्ये ठेवण्याची प्रथा बहुधा १९८० च्या दशकात विद्यापीठांतील वापरातून रूढ झाली. लिनक्सच्या फाइलरचनेचे पहिले प्रमाणक १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याची ३.० ही आवृत्ती २०१५ मध्ये निघाली. प्रणालीच्या अद्ययावतीकरणात ‘/यूएसआर/लोकल’ला धक्का लागू नये, तसेच स्वयंपूर्ण पॅकेजे ‘/ऑप्ट’खाली स्वतंत्र ठेवावीत, असे हे प्रमाणक सांगते. एकाच सॉफ्टवेअरच्या अनेक आवृत्त्या सांभाळायच्या असल्यास ‘/ऑप्ट’ची पद्धत अधिक सोयीची ठरते, कारण नको असलेली आवृत्ती काढताना तिची डिरेक्टरी तेवढी काढावी लागते.

प्रत्यक्षात अडचणी जागेपेक्षा अधिकारांत अधिक येतात. चालवायच्या फायली व डिरेक्टऱ्या यांना ७५५ (मालकाला सर्व, इतरांना वाचण्याचा व चालवण्याचा) आणि नुसत्या वाचायच्या फायलींना ६४४ (मालकाला वाचण्याचा व लिहिण्याचा, इतरांना फक्त वाचण्याचा) हे अधिकार सर्वसाधारणपणे दिले जातात. प्रशासकाच्या शेलचा यूमास्क (नव्या फायलींतून कोणते अधिकार वगळायचे हे ठरवणारे मूल्य) ०७७ असल्यास मात्र नव्या फायली मालकाखेरीज कोणालाही वाचता येत नाहीत. अशा वेळी प्रशासकाला सॉफ्टवेअर सुरळीत चाललेले दिसते, इतरांना मात्र परवानगी नाकारली जाते. म्हणून सामान्य खात्यातून चाचणी घेतल्यावाचून स्थापना पूर्ण झाली असे मानू नये. फायलीपर्यंतच्या मार्गावरील प्रत्येक डिरेक्टरीत प्रवेशाचा अधिकार असावा लागतो. प्रशासकाच्या होम डिरेक्टरीत बसवलेले सॉफ्टवेअर, त्या सॉफ्टवेअरच्या फायली सर्वांना खुल्या असूनही, इतरांना न चालण्याचे हे नेहमीचे कारण आहे. उलट ७७७ देऊन सर्वांना लेखनाधिकार बहाल करणे धोक्याचे आहे, कारण मग कोणीही वापरकर्ता इतरांकडून चालवल्या जाणाऱ्या फायलीत फेरफार करू शकतो.

पाथ ही प्रत्येक प्रक्रियेला तिच्या जनक प्रक्रियेकडून मिळणारी गोष्ट असल्याने एका खात्यात केलेला बदल दुसऱ्या खात्याला लागू होत नाही. त्यासाठी सर्वांच्या लॉगिन शेलकडून वाचली जाणारी ‘/ईटीसी/प्रोफाइल’ ही फाइल वापरतात. क्रॉनने (ठरलेल्या वेळी कामे आपोआप सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमने) सुरू केलेली कामे ही फाइल आपोआप वाचत नाहीत, त्यामुळे त्यांत कमांडचा पूर्ण मार्ग लिहिणे इष्ट असते. परस्परविरोधी आवृत्त्यांच्या प्रश्नावर जॉन फुर्लानी यांनी १९९१ मध्ये ‘मॉड्यूल्स’ ही पद्धत मांडली : सॉफ्टवेअर सर्वांसाठी बसवलेले असते, पण ‘मॉड्यूल लोड’ ही कमांड दिल्यावरच ते त्या वापरकर्त्याच्या पाथमध्ये येते. महासंगणकांवर हीच पद्धत रूढ आहे. पुण्यातील आयसर या विज्ञानसंस्थेतील ‘परम ब्रह्म’ या महासंगणकावरही संशोधक आपले कंपायलर (प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत रूपांतर करणारी साधने) व लायब्ररी (तयार प्रोग्रॅमभागांचे संच) मॉड्यूलद्वारे निवडतात.

विंडोजमध्ये हाच भेद इन्स्टॉलरच्या ‘ऑलयूझर्स’ या गुणधर्माने होतो. त्याचे मूल्य १ असल्यास स्थापना संपूर्ण संगणकासाठी होते, व तिला प्रशासकाचे अधिकार लागतात. तिच्या फायली सामान्यतः ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये जातात आणि नोंदी रजिस्ट्रीच्या (विंडोजच्या मांडणीची माहिती साठवणाऱ्या कोशाच्या) ‘लोकल मशीन’ या विभागात होतात.