मराठी बोलणारं मूल गणितात का अडतं?

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत किंवा इचलकरंजीच्या यंत्रमागांवर कामाला आलेल्या हिंदीभाषक कुटुंबांची मुलं मराठी शाळेत आली की काही महिन्यांत मधल्या सुट्टीत ‘काय रं भावा’ म्हणत खेळू लागतात. लिपी देवनागरीच असल्यानं धडाही घडाघडा वाचतात. मग ‘याला मराठी येतं’ असं ठरतं आणि जादा मदत थांबते. नुकसान इथंच होतं.

कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ साली गप्पांची भाषा आणि अभ्यासाची भाषा असा फरक मांडला. पहिली साधारण दोन वर्षांत जमते. दुसरीत वर्गातल्या इतरांच्या बरोबरीला यायला पाच ते सात वर्षं लागतात. गप्पांत हातवारे असतात, वस्तू समोर असते. पुस्तकातल्या वाक्याला तो आधार नसतो.

‘राजूकडे मीनापेक्षा ४ गोट्या जास्त आहेत. राजूकडे ११, तर मीनाकडे किती?’ ‘जास्त’ दिसताच मूल बेरीज करून १५ लिहितं. मराठी घरातली मुलंही इथं चुकतात, म्हणून कारण तपासावं लागतं. आधी नुसतं ११ − ४ द्या. मग हेच गणित मराठीत वाचून दाखवा, शेवटी हिंदीत सांगा. हिंदीत उत्तर ७ आलं तर वजाबाकी पक्की आहे, ‘पेक्षा’ आणि ‘कडे’ अडवतायत. हिंदीतही १५ आलं तर तुलनाच कळलेली नाही. गोट्यांच्या दोन रांगा मांडा. ‘समजलं का?’ मात्र विचारू नका, मूल मान डोलावतं. चित्र काढायला सांगा.

मुलांना घरच्या भाषेतून शिकवावं की थेट नव्या भाषेच्या वर्गात बसवावं, हा वाद जुनाच आहे. कॅलिफोर्नियात १९९८ च्या जनमतानं स्थलांतरितांच्या मुलांना साधारण वर्षभराच्या खास वर्गानंतर थेट इंग्रजी वर्गात बसवायचं ठरलं. २०१६ च्या जनमतानं ती सक्ती उठली. आपल्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवा म्हणतं. कोल्हापुरातल्या एका वर्गात चार मुलांसाठी हिंदी माध्यम काढता येणार नाही, हे मान्य. पण धड्याआधी पाच-सहा शब्द दोन्ही भाषांत फळ्यावर लिहायला पैसा लागत नाही.

आणि पालकांना ‘घरी मराठीच बोला’ हा सल्ला देऊ नये. आईच्या मोडक्या मराठीपेक्षा तिनं हिंदीत किंवा भोजपुरीत रंगवून सांगितलेली गोष्ट मुलाला जास्त शिकवते: क्रम लावणं, कारण सांगणं. एका भाषेत कमावलेलं हे कौशल्य दुसऱ्या भाषेतही कामी येतं.