कर्लिंगचा दगड उलट्या बाजूला का वळतो?

हिवाळी ऑलिंपिक स्पर्धा सुरू झाल्या की कर्लिंगच्या चित्रफिती समाजमाध्यमांवर फिरू लागतात आणि बर्फावर झाडू मारणाऱ्या खेळाडूंची ठरलेली थट्टाही सुरू होते. बर्फ झाडण्यासाठी पदक कशाला, हा त्यातला नेहमीचा प्रश्न. तो गैरसमज दूर करायला फारसे कष्ट पडत नाहीत. अधिक खोल रुजलेला गैरसमज वेगळाच आहे: खेळाडू दगडाला गिरकी देतो, जितकी जास्त गिरकी तितका दगड जास्त वळतो, आणि यात समजून घेण्यासारखे फार काही नाही. यातला दुसरा भाग चूक आहे आणि तिसरा त्याहून चूक; कारण कर्लिंगचा दगड बर्फावर ज्या बाजूला वळतो, ती बाजू शाळेत शिकलेल्या घर्षणाच्या हिशेबाने चक्क उलटी आहे.

आधी खेळाची तोंडओळख करून घेऊ. सोळाव्या शतकात स्कॉटलंडच्या गोठलेल्या तळ्यांवर रुजलेला हा खेळ 1998 च्या नागानो स्पर्धेपासून हिवाळी ऑलिंपिकमध्ये नियमितपणे खेळला जातो. बर्फाची पट्टी सुमारे 45 मीटर लांब आणि जास्तीत जास्त 5 मीटर रुंद असते. तिच्या दोन्ही टोकांना रंगीत समकेंद्री वर्तुळे असतात. त्यांना ‘हाउस’ म्हणतात आणि मध्यबिंदूला ‘बटन’. प्रत्येक संघात चार खेळाडू असतात, प्रत्येक जण बर्फावरून समोरच्या हाउसकडे दोन दगड घसरवत सोडतो आणि दोन्ही संघांचे मिळून सोळा दगड झाले की एक ‘एंड’ संपतो. गुण एकाच संघाला मिळतात: प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत जवळच्या दगडापेक्षा आपले जितके दगड बटनाच्या अधिक जवळ असतील, तितके गुण. साहजिकच शेवटचा दगड ज्याच्या हाती, त्याचे पारडे जड. त्या शेवटच्या दगडाला ‘हॅमर’ असे नाव आहे.

दगड ग्रॅनाइटचा असतो. नियमानुसार त्याचे वजन 17.24 ते 19.96 किलो असावे लागते. यातले नामांकित ग्रॅनाइट स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळच्या एल्सा क्रेग या बेटावरचे आहे. तिथल्या एका प्रकारच्या दगडात पाणी जवळजवळ शिरतच नाही. ते शिरले असते तर गोठताना प्रसरण पावून दगडाचे टवके उडाले असते. दगडाचा तळ सपाट नसून खोलगट असतो आणि बर्फाला टेकते ते फक्त एक अरुंद कडे. त्याचा व्यास सुमारे 12 सेंटिमीटर आणि रुंदी काही मिलिमीटर असते. पुढची सगळी गोष्ट या कड्याभोवती फिरते.

उजव्या हाताने खेळणाऱ्या नवशिक्याने उजवा पाय ‘हॅक’ या रबरी आधारावर रोवायचा आणि डाव्या पायाच्या गुळगुळीत तळव्याच्या बुटावर शरीर पुढे घसरू द्यायचे. डाव्या हातातला झाडू तोल सांभाळायला असतो. वेग पायाच्या रेट्यातून यायला हवा. हात दगडाला फक्त सोबत करतो. शेवटच्या क्षणी हाताने ढकलण्याचा मोह झाला की दिशा बिघडतेच. दगडाची मूठ घड्याळात दहा वाजले असतील त्या कोनात धरून, सोडताना अलगद बारापर्यंत आणली की दगड घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरू लागतो. दोनापासून बारापर्यंत आणली की उलटा. हे सगळे जवळची ‘हॉग लाइन’ ही आडवी रेषा येण्याआधी उरकावे लागते. तिथून समोरच्या बटनापर्यंत 28 मीटरांहून थोडे अधिक अंतर उरते. ते कापायला दगडाला साधारण 25 सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात तो स्वतःभोवती दोन ते चार फेऱ्या घेतो.

आता बर्फाकडे वळू. कर्लिंगचा बर्फ स्केटिंगच्या बर्फासारखा गुळगुळीत नसतो. सामन्याआधी कर्मचारी पाठीवरच्या टाकीतून कोमट, क्षारमुक्त पाण्याचे थेंब शिंपडत उलट पावली चालत जातो. ते थेंब गोठून बारीक उंचवटे तयार होतात. त्यांना ‘पेबल’ म्हणतात. दगडाचे कडे या उंचवट्यांच्या माथ्यांवरूनच सरकते.

वजनाच्या दाबाने बर्फ वितळतो आणि त्यामुळे दगड घसरतो, हे स्पष्टीकरण अनेक पुस्तकांत अजून सापडते. ते टिकत नाही. बर्फाचा वितलनबिंदू एका अंशाने खाली आणायला सुमारे 130 वातावरणांइतका दाब लागतो. कर्लिंगचा बर्फ उणे पाच अंशांच्या आसपास ठेवलेला असतो, म्हणजे 600 वातावरणांहून जास्त दाब हवा. इतका दाब येण्याआधी पेबलचा माथाच दबून पसरेल. बर्फाच्या पृष्ठभागावर मुळातच द्रवासारखा एक अतिशय पातळ थर असतो, असे मायकेल फॅरडे यांनी 1850 मध्ये सुचवले होते आणि घसरताना निर्माण होणारी घर्षणाची उष्णता किती महत्त्वाची आहे, हे बाउडन आणि ह्यूज या संशोधकांनी 1939 मध्ये प्रयोगाने दाखवले. झाडूचे कामही हेच: सरकत्या दगडापुढे तो जोरात घासून बर्फ किंचित तापवायचा, जेणेकरून घर्षण घटेल आणि दगड दोन-तीन मीटर तरी पुढे जाईल. झाडण्याने दगड कमी वळतो, हा दुसरा फायदा.

मुख्य कोडे समजण्यासाठी एक पेला गुळगुळीत टेबलावर पालथा घालावा आणि त्याला घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरकी देत पुढे सरकवावे. तो डावीकडे वळतो. घर्षण तळाशी मागच्या दिशेने लागते आणि गुरुत्वमध्य वर असतो, म्हणून पेला किंचित पुढे कलू पाहतो आणि त्याची पुढची कड टेबलावर जास्त दाबली जाते. घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरताना पुढची कड उजवीकडे सरकत असते, त्यामुळे तिच्यावरचे घर्षण डावीकडे ढकलते. मागच्या कडेवर याच्या उलट घडते. पुढचे घर्षण मोठे, म्हणून एकूण बल डावीकडे. आता कर्लिंगचा दगड तशाच फिरकीने सोडला तर तो उजवीकडे वळतो, तेही एक मीटर किंवा त्याहून जास्त.

पहिला विचार असा येतो की बर्फावर पुढच्या भागातले घर्षण मागच्यापेक्षा कमी असले पाहिजे. पुढे दाब जास्त, म्हणून उष्णता जास्त, म्हणून बर्फ अधिक निसरडा: दिशेचे उत्तर बरोबर येते. अडचण आकड्यांची आहे. 25 सेकंदांत तीन फेऱ्या म्हणजे कड्याचा फिरण्याचा वेग सेकंदाला जेमतेम 5 सेंटिमीटर, तर पुढे जाण्याचा वेग सुरुवातीला सेकंदाला सुमारे 2 मीटर. त्यामुळे घर्षणाची दिशा सरळ मागच्या दिशेपासून एखाद्या अंशानेच ढळते आणि तिचा आडवा घटक अगदी नगण्य उरतो. शिवाय हे स्पष्टीकरण खरे असते तर फेऱ्या दुप्पट केल्यावर वळणही ढोबळमानाने दुप्पट व्हायला हवे होते. तसे होत नाही. फेऱ्या दोन असोत वा चार, वळण जवळपास तेवढेच राहते आणि फार वेगाने गरगरणारा दगड तर बराचसा सरळ जातो.

स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी 2013 मध्ये वेगळी वाट धरली. त्यांच्या मते कड्याचा खरखरीतपणा पेबलच्या माथ्यांवर सूक्ष्म ओरखडे काढतो. घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरणाऱ्या दगडाचा पुढचा भाग पुढे जाताना किंचित उजवीकडे सरकत असतो, म्हणून त्याचे ओरखडे उजवीकडे कललेले असतात. मागचा भाग त्याच जागेवरून किंचित डावीकडे सरकत जातो. त्याचे खडबडीत टोक या तिरक्या चरांत अडकते आणि चरांच्या दिशेने, म्हणजे उजवीकडे, ढकलले जाते. कडे चकचकीत घासून काढले की वळण जवळजवळ नाहीसे होते, हे या कल्पनेच्या बाजूचे भक्कम निरीक्षण आहे.

दुसरी कल्पना डाव्या-उजव्या बाजूंच्या फरकाची आहे. त्याच दगडाची डावी बाजू बर्फाच्या तुलनेत किंचित वेगाने पुढे जाते आणि उजवी किंचित हळू. बर्फावर वेग घटला की घर्षण वाढते, म्हणून उजवी बाजू पेबलला जास्त धरते आणि दगड क्षणभर त्या बिंदूभोवती झुलून पुन्हा सुटतो. असे असंख्य छोटे झोके मिळून उजवीकडचे वळण तयार होते. जपानचे भौतिकशास्त्रज्ञ जिरो मुराता यांनी 2022 मध्ये प्रसिद्ध केलेली दगडाच्या गतीची अतिशय अचूक मोजमापे या चित्राला पाठबळ देतात. दगड संथ होत जातो तसा दोन्ही बाजूंतला हा फरक ठळक होतो आणि वळणाचा मोठा भाग अखेरच्या काही मीटरांत का दिसतो, तेही यावरून समजते.

‘विज्ञानालाही न सुटलेले गूढ’ किंवा ‘अखेर रहस्य उलगडले’ असे मथळे अधूनमधून दिसतात. दोन्ही सारखेच उथळ आहेत. कारणे माहीत आहेत, त्यांतल्या कोणाचा वाटा किती, यावर वाद आहे, आणि तो मोजमापांनीच मिटेल. ‘विज्ञानाला उत्तर नाही’ या वाक्याच्या आडोशाने अद्भुत शक्ती घुसडणाऱ्यांना इथे काहीच मिळण्यासारखे नाही.

ओरखड्यांचे महत्त्व मैदानावरही दिसले. 2015-16 च्या हंगामात काही नव्या झाडूंच्या खरखरीत कापडाने खेळाडू दगडाची दिशा वाटेल तशी बदलू लागले आणि दगड सोडणाऱ्याच्या कौशल्याला अर्थ उरेना. जागतिक कर्लिंग महासंघाने 2016 मध्ये कॅनडात चाचण्या घेऊन स्पर्धांसाठी एकाच प्रकारचे कापड ठरवून दिले. हा निर्णय योग्यच होता.

नवशिक्याला यातून दोन गोष्टी घेता येतात. संघनायक, म्हणजे ‘स्किप’, समोरच्या हाउसमध्ये झाडू टेकवून उभा असतो. तो झाडू लक्ष्यापासून बाजूला असतो, कारण वळणाची सूट आधीच धरलेली असते; नेम त्या झाडूवर धरायचा, लक्ष्यावर नव्हे. आणि प्रत्येक दगडाला तेवढीच फिरकी द्यायची, पूर्ण वाटचालीत तीनेक फेऱ्या होतील इतकी. फिरकीच नसली तर दगड कुठल्या बाजूला भरकटेल, याचा भरवसा नसतो. सामना पुढे सरकतो तसे पेबलचे माथे झिजतात आणि त्याच वेगाने सोडलेला दगड वेगळा वागू लागतो. तो बदल ओळखून झाडूची जागा हलवणे हे स्किपचे काम आहे आणि फिरकी एकसारखी असेल तरच त्याला तो बदल ओळखता येतो.