जनसुनावणी (पर्यावरण)

खाण, कारखाना, बंदर किंवा धरण यांसारख्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी देण्यापूर्वी परिसरातील लोकांचे म्हणणे जाहीरपणे ऐकून नोंदवून घेण्याची कायदेशीर प्रक्रिया. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली केंद्र सरकारने २७ जानेवारी १९९४ रोजी काढलेल्या अधिसूचनेने पर्यावरणीय आघात मूल्यांकन, म्हणजे प्रकल्पाचे पर्यावरणावर काय परिणाम होतील याचा आगाऊ अभ्यास, बंधनकारक झाले. सुनावणीची सक्ती मात्र १९९७च्या दुरुस्तीने आली. सध्याची चौकट १४ सप्टेंबर २००६च्या अधिसूचनेची आहे.

सुनावणी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ घेते. किमान ३० दिवस आधी एका राष्ट्रीय व एका स्थानिक भाषेतील दैनिकात नोटीस द्यावी लागते. वर्तमानपत्र पोचत नसेल तिथे दवंडीचीही तरतूद आहे. मूल्यांकन अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, पंचायत अशा ठिकाणी पाहायला मिळतो. शेकडो पानांचा हा अहवाल बहुधा इंग्रजीत असतो. स्थानिक भाषेत मिळतो तो सारांश, तोही प्रकल्पधारकानेच करून दिलेला. २०२०च्या नव्या अधिसूचनेच्या मसुद्यात नोटिशीची मुदत २० दिवसांवर आणण्याचा प्रस्ताव होता. तो मसुदा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील सर्व भाषांत द्या, हे सांगायला दिल्ली उच्च न्यायालयाला आदेश काढावा लागला.

जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्याहून खालच्या दर्जाचा नसलेला प्रतिनिधी अध्यक्षस्थानी असतो. कामकाजाचे चित्रीकरण होते. गणपूर्तीची अट नाही. लोक विहिरींच्या पाण्याबद्दल आणि रस्त्यावरच्या धुळीबद्दल बोलतात, तसेच नोकऱ्यांबद्दलही. शेवटी इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवावे लागते. मतदान होत नाही, निर्णयही होत नाही. झाडून सगळ्यांनी विरोध केला तरी मंजुरी मिळू शकते. त्यामुळे मांडवातल्या घोषणांपेक्षा इतिवृत्तात काय उतरले, यालाच खरे महत्त्व. मंजुरीची शिफारस करणाऱ्या तज्ज्ञ समितीपुढे जातो तो हाच कागद.

त्या कागदाला वजन आले ते गोव्यातील एका प्रकरणाने. केपे तालुक्यातील कावरे येथील लोहखाणीविरुद्ध ‘उत्कर्ष मंडळ’ न्यायालयात गेले. नोव्हेंबर २००९च्या निकालात दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटले, की सुनावणीतील हरकतींचा समितीने विचार केला पाहिजे आणि त्या का मान्य वा अमान्य केल्या याची कारणे दिली पाहिजेत; सारांशही सुनावणीच्या किमान ३० दिवस आधी लोकांना मिळायला हवा. खाणप्रकल्प तपासणाऱ्या समितीचे अध्यक्ष स्वतः खाण कंपन्यांच्या संचालक मंडळांवर होते, यावरही न्यायालयाने बोट ठेवले.

जनसुनावणी आणि ग्रामसभेची संमती यांत गल्लत होते. ओडिशातील नियमगिरीच्या बॉक्साइट खाणीबाबत सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी वनहक्क कायदा, २००६च्या आधारे ग्रामसभांना आपले धार्मिक व सामुदायिक हक्क तपासून निर्णय घेण्यास सांगितले. रायगडा व कालाहांडी जिल्ह्यांतील बाराही ग्रामसभांनी खाण नाकारली आणि जानेवारी २०१४ मध्ये केंद्राने प्रस्ताव फेटाळला. नियमगिरीवर राहणाऱ्या डोंगरिया कोंध या आदिवासी समाजाला हा अधिकार वनहक्क कायद्याने दिला. जनसुनावणीच्या अधिसूचनेत तो नाही.

सुनावणी प्रकल्पस्थळी किंवा लगत घ्यावी, असे अधिसूचना म्हणते. तरीही एटापल्ली तालुक्यातील सूरजागड लोहखाणीच्या विस्ताराची सुनावणी ऑक्टोबर २०२२ मध्ये गडचिरोली शहरात झाली. हे अंतर शंभर किलोमीटरहून अधिक आहे. दुर्गम गावांतल्या माडिया आदिवासी माणसासाठी ते म्हणजे एका दिवसाच्या मजुरीवर पाणी आणि वर प्रवासाची दगदग.

काही प्रकल्पांना सुनावणीतूनच वगळले जाते. कोळसा खाणींच्या क्षमतावाढीला ठरावीक मर्यादेपर्यंत वेळोवेळी सूट मिळाली. सप्टेंबर २०२५ मध्ये अणुखनिजे आणि महत्त्वपूर्ण व सामरिक खनिजांच्या खाणींनाही ती देण्यात आली, आणि तीही अधिसूचनेत दुरुस्ती न करता कार्यालयीन ज्ञापनाने, म्हणजे मंत्रालयाच्या साध्या प्रशासकीय पत्रकाने.