ब्रिटिश क्लासिक मोटारी : कारखान्यांचा अस्त आणि मागे उरलेली माया

ब्रिटिश क्लासिक मोटारी : दुसऱ्या महायुद्धानंतर साधारण १९८० पर्यंत ब्रिटनमध्ये बनलेल्या मॉरिस, ऑस्टिन, एमजी, ट्रायम्फ, रोव्हर, जॅग्वार, हिलमन आदी गाड्या, आणि त्या जपण्याचा, खोलून पुन्हा जोडण्याचा, ऊन पडलेल्या रविवारी बाहेर काढण्याचा छंद. यांतल्या बहुतेक कंपन्या आता उरलेल्या नाहीत. काहींचे नाव तेवढे परदेशी मालकाकडे आहे. गाड्या मात्र रस्त्यावर आहेत आणि त्यांचे सुटे भाग आजही नव्याने बनतात. वर्षानुवर्षे काहीच न बदलण्याच्या ज्या सवयीने हे कारखाने बुडवले, तिच्यामुळेच या गाड्या तगल्या. एकच बोल्ट वीस वर्षे वापरला की तो बनवणारा कुणी ना कुणी सापडतोच.

आपल्याकडची वर्तमानपत्रे कोणत्याही जुन्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून मोकळी होतात. ब्रिटिश शौकिनांना हे खपत नाही. त्यांच्या लेखी व्हिंटेज म्हणजे १९३० अखेरपर्यंतची गाडी. लंडन–ब्रायटन धावेत तर १९०५ पूर्वीच्याच गाड्यांना प्रवेश मिळतो. या नोंदीतल्या गाड्या त्या मानाने तरुण आहेत आणि राजेरजवाड्यांच्याही नाहीत. शिक्षक, नर्स, पोस्टमन, गावचा डॉक्टर यांनी त्या चालवल्या, म्हणून त्यांच्याभोवतीच्या आठवणीही घरगुती आहेत.

भरभराट

हर्बर्ट ऑस्टिनने १९०५ मध्ये बर्मिंगहॅमजवळ लाँगब्रिज येथे एका बंद पडलेल्या छापखान्याच्या इमारतीत कारखाना सुरू केला. सायकली दुरुस्त करत वर आलेल्या विल्यम मॉरिसने ऑक्सफर्डच्या काउली भागात आपले बस्तान बसवले. त्याच्या ‘मॉरिस गॅरेजेस’ या विक्री-दुरुस्तीच्या दुकानातून एमजी हे नाव आले. १९२२ मध्ये आलेली चिमुकली ऑस्टिन सेव्हन इतकी गाजली की जर्मनीतल्या आयसेनाखच्या कारखान्याने ती परवाना घेऊन बनवायला घेतली. पुढे तो कारखाना बीएमडब्ल्यूने विकत घेतला आणि बीएमडब्ल्यूची पहिली मोटार म्हणजे ही ऑस्टिनच ठरली. हा धागा पुढे पुन्हा येतो.

युद्धानंतर देश कर्जात बुडालेला होता. पोलादाचा कोटा हवा असेल तर गाड्या परदेशी विका, अशी सरकारची अट होती. युरोपातले कारखाने अजून ढिगाऱ्यातून सावरत होते, त्यामुळे १९५० च्या सुमारास ब्रिटन हा मोटारींचा जगातला सर्वांत मोठा निर्यातदार बनला. जे बनेल ते विकले जाई. दर्जाची फारशी फिकीर न करण्याची सवय तेव्हाच जडली असावी.

या काळाची खूण म्हणजे मॉरिस मायनर. स्मर्ना (आजचे तुर्कस्तानातले इझ्मिर) येथे जन्मलेल्या अ‍ॅलेक इसिगोनिसने ती आखली आणि ती १९४८ मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात आली. तिचा नमुना तयार झाल्यावर इसिगोनिसला ती अरुंद वाटली. त्याने तो उभा कापून दोन तुकडे केले, ते अंतर ठेवून जुळवून पाहिले आणि चार इंच फट नजरेला बरी वाटली. तेवढी रुंदी वाढली, पण बंपर आधीच ठोकून तयार होते. म्हणून सुरुवातीच्या गाड्यांचे बंपर मधोमध कापून त्यात चार इंचांची पट्टी बसवली गेली. बोनेटवरचा मधला उंचवटाही त्याच चार इंचांचा. खुद्द मॉरिसला ही गाडी पोच केलेल्या अंड्यासारखी दिसे आणि ती मुळीच आवडत नसे. तीच गाडी दहा लाखांचा टप्पा गाठणारी पहिली ब्रिटिश मोटार ठरली. त्या निमित्ताने फिकट जांभळ्या रंगाच्या ३५० खास गाड्या काढल्या गेल्या. तिच्या ‘ट्रॅव्हलर’ प्रकाराच्या मागच्या भागाला ॲश लाकडाची उघडी चौकट असते. ती दिखाव्याची नसून खरोखर भार पेलते. ओल धरली की तिच्या सांध्यांत शेवाळ उगवते आणि मालकाला गाडीला वॉर्निश लावावे लागते.

ऑस्टिन आणि मॉरिस १९५२ मध्ये एकत्र आले व ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन स्थापन झाली. सुएझ कालव्याच्या संकटाने पेट्रोलची चणचण झाली तेव्हा इसिगोनिसला छोटी गाडी करायला सांगण्यात आले. ऑगस्ट १९५९ मध्ये मिनी आली. लांबी जेमतेम दहा फूट, इंजिन आडवे, गिअरबॉक्स इंजिनाच्या तेलातच बसवलेला, चाके दहा इंचांची. किंमत ४९७ पौंडांच्या आसपास. फोर्डच्या लोकांनी एक मिनी आणून तिचा स्क्रू अन् स्क्रू सुटा केला आणि दर गाडीमागे सुमारे ३० पौंडांचा तोटा होतोय असा हिशेब काढला, ही गोष्ट या क्षेत्रात नेहमी सांगितली जाते. सुरुवातीच्या मिनींच्या तळाच्या पत्र्यांचे सांधे असे बसवले होते की पावसात पायाशी पाणी साचे. त्यात सोनमासा सोडा, असे विनोद झाले. तरी २००० पर्यंत ५३ लाखांहून अधिक मिनी बनल्या.

१९६१ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात जॅग्वारची ई-टाइप आली. लोकांची झुंबड उडाली, चालवून दाखवायला एक गाडी पुरेना. तेव्हा कंपनीचा चाचणी-चालक नॉर्मन ड्युइस कॉव्हेंट्रीहून दुसरी ई-टाइप रातोरात हाकत तिथे घेऊन गेला.

पडझड

जॅग्वार १९६६ मध्ये ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनमध्ये सामील झाली. ट्रक बनवणाऱ्या लेलँडने ट्रायम्फ आणि रोव्हर आधीच गिळले होते. १९६८ मध्ये सरकारच्या आग्रहाने या दोन्ही गटांची मोट बांधून ब्रिटिश लेलँड जन्माला आली आणि लेलँडचे डोनाल्ड स्टोक्स तिचे प्रमुख झाले. देशातल्या बाजारपेठेचा सुमारे ४० टक्के हिस्सा तिच्याकडे होता. पण एका छपराखाली आलेल्या भावंडांनी एकमेकांशीच भांडत राहावे तसे झाले. ट्रायम्फ आणि रोव्हर एकाच गिऱ्हाइकाच्या मागे लागत, एमजी आणि ट्रायम्फच्या स्पोर्ट्स गाड्या एकमेकींचे गिऱ्हाईक खात. ट्रायम्फ स्टॅगसाठी वेगळे व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचे, इंजिन काढले गेले. ते तापण्याबद्दल बदनाम झाले. चांगले हलके व्ही-८ तेव्हा रोव्हरकडे, म्हणजे शेजारच्याच खोलीत, होते.

१९७१ ची मॉरिस मरीना घाईघाईत, जुन्या मायनरचे काही भाग घेऊन उभी केली गेली. १९७३ च्या ऑस्टिन अलेग्रोला गोल स्टिअरिंगऐवजी चौकोनाकडे झुकणारे चाक दिले. ते काही काळाने गुपचूप काढून टाकावे लागले. हीच वर्षे संपांची. लाँगब्रिजमध्ये कामगार नेता डेरेक रॉबिन्सनच्या काळात तीस महिन्यांत ५२३ तंटे झाल्याचे त्या वेळी सांगितले गेले आणि वृत्तपत्रांनी त्याला ‘लाल रॉबो’ केले. १९७९ मध्ये त्याला कामावरून काढले. सगळा दोष कामगारांच्या माथी मारणे सोपे आहे. व्यवस्थापनाने वर्षानुवर्षे नवी यंत्रे घेतली नाहीत आणि डिझाइनवर पैसा टाकला नाही, हेही त्याच हिशेबात धरावे लागते. ब्रिटनमधले वार्षिक मोटार उत्पादन १९७२ मध्ये १९ लाखांवर गेले होते. ती पातळी देशाने पुन्हा गाठली नाही.

१९७५ मध्ये सरकारने मागवलेल्या रायडर अहवालानंतर कंपनी सरकारच्या ताब्यात आली. पुढचा पाढा झटपट संपतो. १९७८ मध्ये लिव्हरपूलजवळचा स्पीकचा कारखाना बंद. सप्टेंबर १९७९ मध्ये ॲबिंग्डनला एमजीच्या कारखान्याची पन्नाशी वाजतगाजत साजरी झाली आणि लगेच दुसऱ्या दिवशी तो बंद करण्याची घोषणा झाली. वर्षभराने कुलूप लागले. १९८१ मध्ये होंडाची गाडी ट्रायम्फ अक्लेम नावाने विकायला काढली. १९८८ मध्ये उरलेली कंपनी ब्रिटिश एरोस्पेसला १५ कोटी पौंडांत गेली आणि १९९४ मध्ये सुमारे ८० कोटींत बीएमडब्ल्यूला. म्हणजे ऑस्टिन सेव्हन बनवून मोटारधंद्यात उतरलेला पाहुणा आता ऑस्टिनच्या घराचा मालक झाला. सहा वर्षांत त्यालाही घर जड झाले. मिनी त्याने स्वतःकडे ठेवली, लँड रोव्हर फोर्डला दिली आणि लाँगब्रिजसह रोव्हर चार स्थानिक उद्योजकांच्या गटाला दहा पौंडांत. दहा कोटी नव्हेत, दहा पौंड. एप्रिल २००५ मध्ये तीही बुडाली आणि सुमारे सहा हजार कामगार रस्त्यावर आले. यंत्रसामग्री चीनच्या नानजिंगला गेली.

स्कॉटलंडची कहाणी वेगळी नाही. हिलमन बनवणाऱ्या रूट्स गटाने १९६३ मध्ये ग्लासगोजवळ लिनवूड येथे हिलमन इंप या छोट्या गाडीसाठी कारखाना घातला. जहाजबांधणीतून आलेल्या कामगारांना जुळणीची साखळी नवी होती आणि इंजिनाचे ओतकाम तिथून शेकडो मैल दूर कॉव्हेंट्रीला जाऊन परत येई. १९८१ मध्ये लिनवूडही बंद पडले.

माया कशाची?

या गाड्या चांगल्या होत्या म्हणून लोक हळहळतात, असे म्हणणे अर्धे खरे आहे. त्यांच्या खोड्याही तितक्याच लाडक्या आहेत. बर्मिंगहॅमच्या लुकास कंपनीचे विजेचे सामान बहुतेक सगळ्या गाड्यांत असे. तिच्या संस्थापकाला शौकीन ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हणतात. लुकासच्या दिव्यांच्या बटणाला तीन खुणा असतात : मंद, लुकलुक आणि बंद. हा विनोद तिथल्या मेळाव्यात कुणी ना कुणी सांगतोच, आणि ऐकणाराही तो पहिल्यांदा ऐकल्यासारखा हसतो.

थंडीत मायनर सुरू करण्याचा विधी पाहण्यासारखा असतो. किल्ली फिरवली की बोनेटखालून एसयू कंपनीचा पेट्रोल ओढणारा विजेचा पंप टिक-टिक-टिक करू लागतो. कार्बोरेटरची, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाची, वाटी पेट्रोलने भरली की टिकटिक मंदावते आणि थांबते. मग चोक ओढायचा आणि स्टार्टर मारायचा. टिकटिक ऐकूच आली नाही तर पंपाचे पॉइंट चिकटलेत असे समजायचे, खाली उतरायचे आणि पान्याच्या मुठीने पंपाला एक टपली मारायची. बहुतेक वेळा तेवढे पुरते. कार्बोरेटरच्या डोक्यावरची टोपी फिरवून काढली की आत पितळी दांडी दिसते. तिथे दोन थेंब पातळ तेल घालायचे असते, हे विसरले की गाडी वेग घेताना अडखळते. हा कार्बोरेटरही एसयूचाच, म्हणजे स्किनर बंधूंचा. त्यांच्या घराण्याचा धंदा पादत्राणांचा, आणि त्यांच्या सुरुवातीच्या कार्बोरेटरमध्ये खरोखर चामड्याचा भाता होता.

कान, नाक आणि एक पाना एवढ्यावर गाडीचे दुखणे कळते, हे या मायेचे मूळ असावे. पाने मात्र एक नव्हेत, तीन प्रकारचे लागतात. व्हिटवर्थ, नंतरचे अमेरिकी पद्धतीचे आणि सगळ्यात शेवटी मेट्रिक. व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा बोल्टच्या डोक्याचा नसून दांड्याच्या जाडीचा असतो, हे नवशिक्याला बोटे सोलवटल्यावर समजते. खरा शत्रू गंज. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, ते दरवाजाखालच्या पोकळ पट्ट्यांत शिरते आणि वरून रंग चकाकत असतानाच आतून पत्रा खाऊन टाकते.

यातूनच एक चमत्कारिक उद्योग उभा राहिला. एमजीची एमजीबी ही स्पोर्ट्स गाडी १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षे फार न बदलता बनली. संख्या पाच लाखांच्या वर. १९८८ मध्ये ब्रिटिश मोटर हेरिटेज या कंपनीने मूळचे साचे शोधून काढून तिचा अख्खा सांगाडा पुन्हा नव्याने ठोकायला सुरुवात केली. ज्या गाडीचा कारखाना पाडला गेला, तिची नवी बॉडी मागवता येते. मिनीचीही येते. मायनर-मिनीतले ए-सिरीज हे इंजिन तर १९५१ पासून २००० पर्यंत कुठल्या ना कुठल्या गाडीत बसत राहिले, त्यामुळे त्याचे भाग मिळत नाहीत असे सहसा होत नाही.

ब्रिटिश लेलँडचा वारसा वॉरिकशरमध्ये गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममध्ये जपला आहे. बोलीउ येथील राष्ट्रीय मोटार संग्रहालय त्याहून जुने. गुडवुडच्या शर्यतमार्गावर १९९८ पासून भरणाऱ्या ‘रिव्हायव्हल’ मेळाव्याला लोक चाळीस ते साठच्या दशकांतले कपडे घालून येतात. तिथे थोडे नाटक आहेच. त्या काळातली रेशनिंगची पुस्तके कुणी घेऊन येत नाही. चाळीस वर्षांपुढच्या गाड्यांना रस्ताकर माफ आहे आणि २०१८ पासून, मोठे फेरफार केलेले नसतील तर, वार्षिक तपासणीचीही सक्ती नाही.

भारताशी नाते

मॉरिस ऑक्सफर्डची तिसरी आवृत्ती ब्रिटनमध्ये १९५९ मध्ये संपली. कोलकात्याजवळ उत्तरपाड्यात तीच ॲम्बॅसडर म्हणून २०१४ पर्यंत बनत राहिली. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने ट्रायम्फ हेराल्ड इथे आणली. १९८५ मध्ये रोव्हरचा देखणा सांगाडा आणि जुनेपुराणे इंजिन अशी जोडी लावून ‘स्टँडर्ड २०००’ काढली, ती तीन वर्षांत गुंडाळावी लागली. अशोक लेलँडची सुरुवातही ऑस्टिन गाड्या जोडण्यापासूनची आहे.

रोव्हरच्या शेवटच्या दिवसांत नवी छोटी गाडी विकसित करायला पैसा नव्हता. तेव्हा पुण्यात बनलेली टाटा इंडिका ‘सिटीरोव्हर’ असा बिल्ला लावून २००३ पासून ब्रिटनमध्ये विकली गेली. तिथल्या समीक्षकांनी तिची किंमत आणि अंतर्भाग दोन्हींवर कोरडे ओढले. पाचच वर्षांनी, जून २००८ मध्ये, टाटांनी फोर्डकडून जॅग्वार आणि लँड रोव्हर २३० कोटी डॉलरना घेतल्या, आणि २०११ मध्ये लँड रोव्हरची जुळणी पुण्यात सुरू झाली.

भाषेतले नाते त्याहून जुने आणि पक्के आहे. सामान ठेवायच्या जागेला आपण डिकी म्हणतो. जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या पाठीमागे उघडणाऱ्या जादा आसनाचे ते नाव. जादा चाकाला स्टेपनी म्हणतो; वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवर १९०४ मध्ये डेव्हिस बंधूंनी पंक्चर चाकावर अडकवायची बिनआऱ्यांची धाव बनवली, तिचे हे नाव. ब्रिटनमध्ये दोन्ही शब्द आता कुणी वापरत नाही. आपल्या हायवेवरच्या पंक्चरवाल्याच्या पत्र्याच्या पाटीवर मात्र ‘स्टेपनी’ हाताने रंगवलेली सापडते.