पदवी कशात आणि अभ्यास कशाचा: तत्त्वज्ञानाच्या माणसाचा परिचय वाचताना

आमच्या भागातली व्याख्यानमाला छोटी आहे. नाशिकच्या गोदाघाटावरच्या वसंत व्याख्यानमालेसारखी गर्दी आमच्याकडे नसते. दीडशे खुर्च्या मांडतो, त्यातल्या शंभर भरल्या की अण्णा खूश. अण्णा अध्यक्ष. मी गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजच्या लायब्ररीतून निवृत्त झाले, तेव्हापासून वक्त्यांचा परिचय लिहायचं काम माझ्याकडे आलं. "ताई, दोन ओळी पुरे," असं म्हणून अण्णा अर्धा कागद पुढे सरकवतात. त्या दोन ओळी ठरलेल्या: एक शिक्षणाची, एक अभ्यासविषयाची.

बहुतेक विषयांत या दोन ओळी एकमेकींना धरून असतात. मातीच्या माणसाची पदवी मातीची आणि संशोधनही मातीचंच. तत्त्वज्ञान आणि नीतिशास्त्राच्या माणसांबाबत मात्र पहिल्या ओळीवरून दुसरी ताडायला गेलं, की हमखास फसायला होतं. आम्ही फसलो.

त्या वर्षी विषय ठरला होता: शेवटच्या आजारात उपचार कुठे थांबवायचे. एका गृहस्थांच्या परिचयात तत्त्वज्ञानातली पीएच.डी. होती आणि संशोधनाच्या रकान्यात एकच शब्द होता, नीतिशास्त्र. आम्हाला वाटलं, जमलं. त्यांना बोलावलं. गृहस्थ बोलले सुंदर. 'हे चांगलं आहे' असं आपण म्हणतो, तेव्हा आपण जगाबद्दल काही माहिती देतो की नुसती आपली पसंती दाखवतो, यावर सव्वा तास. तिसऱ्या रांगेतल्या एका निवृत्त अधिकाऱ्यांनी शेवटी हात वर केला. त्यांचा प्रश्न साधा होता: लिव्हिंग विल, म्हणजे शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवायचा कागद, करायचं तर त्यात काय लिहायचं? वक्ते प्रामाणिक निघाले. "यावर मी काम केलेलं नाही," म्हणाले. सभागृहात कुजबुज झाली, चहा लवकर आला.

वक्त्यांची काही चूक नव्हती. त्यांचा विषय नीतिशास्त्रच होता, पण त्यातलं अधिनीतिशास्त्र. म्हणजे नैतिक शब्दांचा अर्थ काय आणि नैतिक विधानं खरी-खोटी असू शकतात का, हा प्रांत. काय करावं आणि कोणत्या तत्त्वावर, हे विचारणारं नियामक नीतिशास्त्र वेगळं. दवाखाना, शेती, कंपनी, न्यायालय इथल्या ठरावीक पेचाला हात घालणारं उपयोजित नीतिशास्त्र आणखी वेगळं. एका शब्दाखाली इतकी घरं आहेत, हे मला लायब्ररीत असूनही ठाऊक नव्हतं. कपाटावर चिठ्ठी एकच असायची ना!

आता पहिली ओळ. शिक्षणाची ओळ नेमकं काय सांगते? माणूस कुठल्या तालमीत घडला, ते. त्याच्या हातात कोणती हत्यारं आहेत, कुणी त्याची परीक्षा घेतली, कुठल्या ग्रंथांवर त्याला अडवलं गेलं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हे मला यातलं सगळ्यात बोलकं उदाहरण वाटतं. 'तर्कतीर्थ' हा शब्द आपण इतक्या सहज उच्चारतो की तो गौरवाने मागे लावलेला किताब वाटतो. ती पदवी आहे. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत शिकून त्यांनी १९२३ साली कलकत्त्याची ती परीक्षा दिली. विषय न्यायशास्त्र, म्हणजे प्रमाण कशाला म्हणायचं, अनुमान कुठे घसरतं, व्याप्ती (धूर तिथे अग्नी, असं कायमचं साहचर्य) कशी तपासायची. विद्यापीठात शिकून मिळवलेली पदवी त्यांच्याकडे नव्हती. आणि अभ्यास कशाचा? धर्मकोशाचं संपादन, हिंदू धर्माची चिकित्सा, जडवाद, मानवेंद्रनाथ रॉय यांच्याबरोबरचा नवमानवतावाद, पुढे मराठी विश्वकोश. गांधीजींना अस्पृश्यतेच्या प्रश्नावर शास्त्रार्थाची मदत हवी होती, तेव्हा हा न्यायात घडलेला तरुण पंडित उपयोगी पडला. धर्मग्रंथ त्यांनी न्यायाच्या हत्यारांनी उघडले. पदवीची ओळ वाचून 'पारंपरिक पंडित' असा शिक्का मारला असता, तर रॉयवादी तर्कतीर्थ आपल्याला दिसलेच नसते. उलट फक्त रॉयवाद पाहिला, तर त्यांच्या लिखाणातली ती पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचं म्हणणं, आधी पुरा मांडून मगच उत्तरपक्षाला, म्हणजे त्याच्या उत्तराला, हात घालायची शिस्त कुठून आली, ते कळत नाही.

याच अंगाने 'आचार्य' आणि 'शास्त्री' हे शब्दही जपून वाचावेत. पंचवटीत ते घराण्याचं नाव असू शकतं, आदराचं संबोधन असू शकतं. आणि संस्कृत विद्यापीठांत ती रीतसर पदवी असते, शास्त्री म्हणजे बी.ए.च्या बरोबरीची आणि आचार्य म्हणजे एम.ए.च्या. निमंत्रणपत्रिका छापण्याआधी मी आता विचारून घेते.

दुसरं उदाहरण आपल्या नाशिकच्या दारातलं. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह सुरू झाला आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली. दोन्हीकडे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. आता त्यांचा शिक्षणाचा रकाना भरून पाहा. कोलंबिया विद्यापीठ, १९१५, एम.ए., मुख्य विषय अर्थशास्त्र. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, १९२३, डी.एस्सी., विषय रुपयाचा प्रश्न. कोलंबियाची पीएच.डी., १९२७, तीही अर्थशास्त्रातच. जोडीला बॅरिस्टरी. नीतिशास्त्र हा शब्द कुठेच नाही. तरीही धम्मात ईश्वराच्या जागी नीती आहे, ही त्यांची मांडणी आज तत्त्वज्ञानाच्या विभागांत शिकवली जाते आणि तिच्यावर प्रबंध लिहिले जातात. मात्र पहिली ओळ नीट उलगडून वाचली, तर धागा सापडतो. कोलंबियातल्या त्या एम.ए.ला अर्थशास्त्राबरोबर समाजशास्त्र, इतिहास, मानववंशशास्त्र आणि तत्त्वज्ञान हेही विषय होते, आणि तत्त्वज्ञान शिकवायला नामवंत अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्युई होते. पदवीच्या नावात जे मावलं नाही, ते वर्गाच्या बाकावर घडलं होतं. म्हणून 'एम.ए. (अर्थशास्त्र)' एवढ्यावर परिचय थांबवायचा नसतो. कोणाकडे शिकले हे मिळालं, तर तेही लिहावं. आपल्याकडे गवयाच्या बाबतीत हे न सांगता करतो. घराणं विचारल्याशिवाय पुढे जातच नाही. प्राध्यापकाच्या बाबतीत कुणाला ते सुचत नाही.

परदेशातही हाच प्रकार. ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांचं नाव प्राण्यांना माणूस कसं वागवतो या प्रश्नाशी घट्ट जोडलेलं आहे, त्यांचं त्यावरचं पुस्तक १९७५ सालचं. (ते प्राण्यांच्या 'हक्कां'वर उभे नाहीत; त्यांचा आधार उपयुक्ततावादाचा, सुखदुःखाचा आहे. वर्तमानपत्रं हे नेहमी गुंडाळून टाकतात.) त्यांनी ऑक्सफर्डला प्रबंध मात्र लिहिला तो सविनय कायदेभंगावर. ब्रिटिश तत्त्वज्ञ डेरेक परफिट यांची पदवी इतिहासाची, पीएच.डी. त्यांनी कधी केलीच नाही, आणि विसाव्या शतकातल्या नीतिशास्त्राच्या यादीत त्यांचं नाव फार वर असतं. आपल्याकडे सदानंद मोरे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, पीएच.डी. गीतेवर, महाराष्ट्र त्यांना ओळखतो तो तुकोबांमुळे आणि संतसाहित्यामुळे.

अण्णांचा एक गोंधळ इथेच सांगून टाकते, कारण तो एकट्या त्यांचा नाही. पीएच.डी.चं लांब नाव 'डॉक्टर ऑफ फिलॉसफी'. ते वाचून अण्णांनी एकदा एका कृषिशास्त्रज्ञांना तत्त्वज्ञानावर बोलायला गळ घातली होती. द्राक्षावरच्या भुरीवर संशोधन केलेले ते गृहस्थ, दिंडोरीचे शेतकरी त्यांना ओळखतात. कागदोपत्री तेही डॉक्टर ऑफ फिलॉसफीच.

दुसऱ्या ओळीकडे येऊ. संशोधनाची आवड, अभ्यासक्षेत्र, काहीही म्हणा. तिचा पहिला गुण हा की ती बदलते. पदवी छापली की छापली. अभ्यासविषय दहा वर्षांत दुसऱ्याच गावाला जातो. दुसरा गुण असा की ती माणूस स्वतः लिहितो. पदवीवर विद्यापीठाचा शिक्का असतो, आवडीवर कुणाचा नसतो. 'भारतीय तत्त्वज्ञान, पाश्चात्त्य तत्त्वज्ञान, नीतिशास्त्र, तर्कशास्त्र, धर्म, विज्ञान' अशी यादी दिसली, की मी समजते, हा शिकवण्याच्या विषयांचा तक्ता आहे. इंग्लंड-अमेरिकेतल्या विद्यापीठांनी यावर एक बरा तोडगा काढलाय. तिथे तत्त्वज्ञानाच्या उमेदवाराला दोन याद्या वेगळ्या द्याव्या लागतात. एओएस (एरिया ऑफ स्पेशलायझेशन), म्हणजे ज्यात तो स्वतः निबंध लिहितो आणि संशोधक विद्यार्थ्यापर्यंत शिकवू शकतो. एओसी (एरिया ऑफ कॉम्पिटन्स), म्हणजे ज्यात पदवीच्या वर्गाला भरवशाने शिकवेल एवढी तयारी आहे. पहिलीत दोन-तीन विषय, दुसरीत आणखी काही. आपल्याकडे दोन्ही एकाच ओळीत कोंबतात आणि वाचणारा सगळ्यालाच तज्ज्ञता समजतो.

मग खरं काय ते पाहायचं कसं? प्रबंध उघडायचा. 'शोधगंगा'वर देशभरातल्या विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध मिळतात, फुकट. मी आधी शेवटची पानं पाहते, संदर्भसूची. ही लायब्ररीतली खोड. मागच्या वर्षी 'वैद्यकीय नीती' नावाचे दोन प्रबंध शेजारी शेजारी उघडले होते. एकाच्या सूचीत चरकसंहिता, गीता आणि कांट; दुसऱ्याच्या सूचीत न्यायालयांचे निकाल आणि आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, मार्गदर्शिका. मथळा जवळजवळ एकच, पण माणसं अगदी निराळी. पहिल्याला वैद्याच्या शीलावर बोलवावं, दुसऱ्याला संमतीपत्रावर.

त्या फसलेल्या वर्षानंतर आम्ही दुसऱ्या टोकाला गेलो. पुढच्या वर्षी त्याच विषयावर एक डॉक्टर बोलावले. शिक्षण एम.बी.बी.एस., एम.डी.; अभ्यास वैद्यकीय नीतीचा. अण्णा कुरकुरले, "हे तर डॉक्टर. तत्त्वज्ञान कुठंय यात?" व्याख्यान मात्र रंगलं. उपचार थांबवून मरू द्यायला मर्यादित परवानगी देणारा २०११ चा अरुणा शानबाग निकाल, लिव्हिंग विल मान्य करणारा २०१८ चा घटनापीठाचा निकाल, २०२३ मध्ये लिव्हिंग विलच्या अटी सोप्या झाल्या ते, नोटरी चालतो का, दोन साक्षीदार कोण. तिसऱ्या रांगेतल्या गृहस्थांनी वहीत उतरवून घेतलं. मग मागून एका मुलीने विचारलं, "नळी काढून मरू देणं चालतं आणि इंजेक्शन देऊन मारणं चालत नाही, शेवट तोच असेल, तर फरक कशात?" डॉक्टर म्हणाले, "कायद्यात फरक आहे." मुलगी बसली, पण तिचं समाधान झालं नव्हतं, ते तोंडावर दिसत होतं. तिच्या प्रश्नाला तत्त्वज्ञानात जुनं घर आहे. जेम्स रेचल्स या तत्त्वज्ञाने १९७५ साली नेमका हाच प्रश्न उचलला, आणि निबंध छापला तो 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये, डॉक्टरांच्या नियतकालिकात. मारणं आणि मरू देणं यांत आपोआप नैतिक फरक पडत नाही, असं त्यांचं म्हणणं. ते पटो न पटो, ज्याची तालीम युक्तिवादाची आहे, तो या प्रश्नापाशी थांबतो. ज्याची तालीम रुग्णाची आहे, तो पुढच्या खाटेकडे जातो, आणि त्याने जायलाच हवं.

हे नुसतं व्याख्यानमालेपुरतं नाही. म्हसरूळला आरोग्य विज्ञान विद्यापीठ, शहरात इतके दवाखाने, त्यामुळे 'एथिक्स कमिटी' हा शब्द नाशकात कानावर पडतोच. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शिकेनुसार माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या या समितीत सात ते पंधरा सदस्य असावेत, निम्मे तरी संस्थेबाहेरचे, आणि अध्यक्षही बाहेरचाच. डॉक्टर, कायदेतज्ज्ञ, सामान्य नागरिक यांच्याबरोबर एक खुर्ची समाजशास्त्रज्ञ, तत्त्वज्ञ, नीतितज्ज्ञ किंवा धर्मशास्त्राचा अभ्यासक यांच्यासाठी. त्या एका खुर्चीत चार वेगवेगळ्या तालमींची माणसं बसू शकतात. मला विचाराल तर तिथे पदवीच्या नावापेक्षा मागच्या पाच वर्षांतलं लिखाण पाहावं. अधिनीतिशास्त्रात मुरलेला माणूस संमतीपत्रातली पळवाट हेरेलच असं नाही. व्याख्यानाला मात्र मी अजूनही पहिली ओळ आधी वाचते, कारण श्रोता काय विचारेल याचा नेम नसतो आणि तेव्हा तालीमच कामाला येते.

दोन्ही ओळी एकमेकींशी अजिबात न जुळणं हा दोष नव्हे, हे अण्णांना पटवायला मी साने गुरुजींचा दाखला दिला. अमळनेरला प्रतापशेठजींनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर काढलं, अद्वैत वेदान्ताच्या अभ्यासासाठी. गुरुजी तिथे तत्त्वज्ञान शिकायला होते. आणि १९३३ साली आपल्या नाशिकच्या तुरुंगात त्यांनी लिहिलं काय, तर आईच्या आठवणी. अण्णा म्हणाले, "मग त्यांचा परिचय कसा लिहिला असता तुम्ही?" मी म्हटलं, दोन ओळींत मावला नसता.

यंदाच्या वक्त्या पुण्याच्या. विद्यापीठाच्या पानावर शिक्षण एम.ए., पीएच.डी. (तत्त्वज्ञान), अभ्यास बौद्ध नीतिविचार. मी फोन केला आणि सरळ विचारलं, "मॅडम, सध्या टेबलावर काय आहे?" त्या हसल्या. म्हणाल्या, पानावरचं ते दहा वर्षांपूर्वीचं आहे, कुणी बदलत नाही. सध्या धरणाच्या पाण्याचं वाटप न्याय्य कसं ठरवायचं, यावर लिहितेय. गंगापूर आणि दारणेतून जायकवाडीला पाणी सोडण्यावरून आमच्याकडे दरवर्षी काय होतं, ते मी त्यांना सांगितलं. पंधरा मिनिटांचा फोन पाऊण तास चालला. विषय बदलला, तारीख तीच राहिली, आणि अण्णांना मी कळवलंय की या वेळी परिचयाला पाच ओळी लागतील.