जनसुनावणी (बालकांच्या प्रश्नांवरील)

जनसुनावणी : एखादी सरकारी योजना किंवा कायदा गावात प्रत्यक्ष कसा चालतो, हे ज्यांच्यासाठी तो केला त्यांनीच अधिकारी, लोकप्रतिनिधी आणि त्रयस्थ पंचांसमोर जाहीरपणे सांगायचे आणि संबंधितांनी तिथल्या तिथे उत्तर द्यायचे, अशी सभा. प्रकल्पाच्या पर्यावरण मंजुरीपूर्वी होणारी जनसुनावणी वेगळी. ती नियमाने होते आणि जिल्हा प्रशासनाच्या देखरेखीखाली चालते. इथे अभिप्रेत आहे ती लोकसंघटनांनी भरवलेली. तिच्या निष्कर्षांना कायद्याचे बळ नसते. तरीही कुपोषण, शाळेतला आहार, अंगणवाडी, शाळाबाह्य मुले अशा प्रश्नांवर आमदार-खासदारांना बोलते करण्याचे हे रुळलेले साधन आहे, आणि ते बहुतेक वेळा राजधानीत नव्हे तर तालुक्याच्या गावी वापरले जाते.

मुलांच्या प्रश्नांना अशा सभेची गरज जास्त भासते, त्याचे कारण उघड आहे. मुलांना मत नाही. कुपोषित मुलाच्या आईबापांना ते आहे, पण त्यातले कितीतरी दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेले असतात आणि गावात असले तरी आमदारांच्या बंगल्यावरच्या गर्दीत ते क्वचितच दिसतात. तिथे रस्ता, ट्रान्सफॉर्मर, बदली ही कामे घेऊन लोक येतात. दोन किलो वजन कमी भरलेल्या मुलाचे काम घेऊन सहसा कोणी येत नाही.

या पद्धतीचा उगम राजस्थानातला. देवडुंगरी इथे राहून काम करणाऱ्या अरुणा रॉय, निखिल डे, शंकर सिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये मजदूर किसान शक्ती संघटना स्थापन केली. संघटनेची पहिली जनसुनावणी २ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातल्या कोट किराना इथे झाली. विषय मुलांचा नव्हता, पंचायतीच्या कामांच्या खोट्या बिलांचा होता. हजेरीपटावरची नावे मोठ्याने वाचायची आणि त्या नावाच्या माणसाने उठून ‘मी या कामावर नव्हतोच’ असे सांगायचे, इतकी साधी युक्ती. पुढे माहितीच्या अधिकाराची चळवळ याच सभांमधून वाढली. मुलांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्यांनी कागद वाचून दाखवण्याचा हा प्रघात जसाच्या तसा उचलला. फक्त हजेरीपटाच्या जागी अंगणवाडीचे वजनाचे रजिस्टर आणि पोषण आहाराच्या वाटपाची नोंदवही आली.

सभेची मांडणी पाहिली की तिचा हेतू लक्षात येतो. जनता दरबारात मंत्री किंवा आमदार मधोमध बसतो आणि लोक अर्ज घेऊन रांगेत उभे राहतात. देणारा तो, मागणारे हे. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात होणारा लोकशाही दिनही अर्ज आणि टोकन यांवरच चालतो. जनसुनावणीत मात्र मधली जागा पंचांची असते: निवृत्त न्यायाधीश, डॉक्टर, प्राध्यापक, पत्रकार. एका बाजूला वैद्यकीय अधिकारी, बालविकास प्रकल्प अधिकारी, गटशिक्षणाधिकारी. आमदारांची खुर्ची पंचांच्या शेजारी, पण ती ऐकणाऱ्याची. माइक साक्ष देणाऱ्या बाईच्या हातात. आधी ती सांगते, मग अधिकारी उत्तर देतात, मग पंच विचारतात आणि लोकप्रतिनिधी शेवटी बोलतात. हा क्रम उलटला की जनसुनावणीचा जनता दरबार झालाच म्हणून समजावे. आमदार पहिल्यांदा बोलून, शाल-श्रीफळ घेऊन पुढच्या कार्यक्रमाला निघून गेले, तर मागे उरते ती फक्त गर्दी.

सभा एका दिवसाची, तयारी मात्र दोन-तीन महिन्यांची. वस्तीवस्तीवर फिरून मुलांची वजने घेतली जातात, दंडघेर मोजला जातो (सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाचा दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली असेल तर ते तीव्र कुपोषित) आणि हे आकडे सरकारी नोंदींशी ताडून पाहिले जातात. दोन्हींत फरक निघाला तर तोच सभेचा मुख्य ऐवज. ‘आमच्याकडे लक्ष द्या’ या मागणीवर कोणीही मान डोलावतो. ‘रजिस्टरात मूल सर्वसाधारण श्रेणीत आहे आणि तुमच्याच काट्यावर ते तीव्र कमी वजनाचे भरते’ यावर मान डोलावून भागत नाही.

महाराष्ट्रात या पद्धतीला सरकारी चौकटीत जागा मिळाली ती आरोग्य खात्यातून. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली २००७ पासून अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आता धाराशिव), पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. राज्यपातळीवरचे समन्वयाचे काम पुण्याच्या ‘साथी’ संस्थेकडे होते. गावकरी आपल्या उपकेंद्राचे आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचे प्रगतिपुस्तक हिरव्या, पिवळ्या आणि लाल रंगांत भरत आणि ते घेऊन जनसुनावणीला येत. लसीकरणाच्या चौकटीत लाल रंग का, हा प्रश्न डॉक्टरांना सर्वांदेखत ऐकावा लागे. ज्यांच्यावर देखरेख ठेवायची त्यांच्याच खात्याच्या पैशातून हे चालले होते, ही त्यातली गंमत आणि अडचणही.

मुलांच्या प्रश्नावर स्थानिक कार्यक्रमांनी सरकारला हलवल्याचे ठळक उदाहरण मात्र शाळेतल्या जेवणाचे आहे. केंद्राची योजना १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली, पण तमिळनाडू, गुजरात यांसारखी राज्ये वगळता बहुतेक ठिकाणी मुलांना शिजवलेले अन्न मिळत नव्हते. महिन्याला तीन किलो कोरडे धान्य घरी दिले जाई. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने २००१ मध्ये दाखल केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी आदेश दिला: प्रत्येक सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळेत किमान ३०० उष्मांक आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिने असलेले शिजवलेले जेवण, वर्षातून किमान २०० दिवस. निम्म्या जिल्ह्यांत तीन महिन्यांत, उरलेल्यांत पुढच्या तीन महिन्यांत. पहिली मुदत फेब्रुवारी २००२ अखेर संपली आणि बहुतेक राज्ये ढिम्म राहिली.

मग या याचिकेच्या पाठपुराव्यासाठी एकत्र आलेल्या संघटनांच्या अन्न अधिकार अभियानाने ९ एप्रिल २००२ हा देशभर कृतिदिन ठरवला. शंभराहून अधिक जिल्ह्यांत त्या दिवशी काही ना काही झाले. अनेक ठिकाणी लोकांनी स्वतः शिधा गोळा करून मुलांना उघड्यावर, सर्वांसमोर जेवू घातले. भाषणापेक्षा हे जास्त बोचणारे होते. जे काम न्यायालयाने सरकारला सांगितले, ते गावकरी तीन दगडांच्या चुलीवर करून दाखवत होते, आणि ‘सोय नाही, भांडी नाहीत, पैसा नाही’ या सबबी पोकळ ठरत होत्या. राजस्थानात जुलै २००२ पासून शिजवलेले अन्न सुरू झाले. पदार्थ होता घुगरी, म्हणजे गूळ घालून उकडलेले गहू. रोज तेच खाऊन मुले कंटाळली, ही नंतरची तक्रार. पण चूल पेटली होती. एप्रिल २००४ च्या आदेशाने शिजवण्याचा खर्च पालकांवर टाकायला मनाई केली आणि स्वयंपाकी नेमताना दलित, आदिवासींना प्राधान्य द्यायला सांगितले. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यात हे जेवण सहा ते चौदा वयाच्या मुलांचा हक्क म्हणून आले. न्यायालयाचे श्रेय मोठेच, पण आदेश आणि अंमल यांमधली दरी एप्रिलमधल्या त्या पंगतींनी भरली, असे म्हणायला जागा आहे.

त्याच अभियानाच्या रेट्यातून १३ डिसेंबर २००६ चा अंगणवाड्यांविषयीचा आदेश आला. सहा वर्षांखालची किमान चाळीस मुले असलेल्या, पण अंगणवाडी नसलेल्या वस्तीने मागणी केल्यावर तीन महिन्यांच्या आत ती मिळाली पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. त्यामुळे जनसुनावणीत नुसते गाऱ्हाणे न मांडता चाळीस मुलांची यादी टेबलावर ठेवता येऊ लागली.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या देखरेखीचे काम राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाकडे आले आणि आयोगाने स्वतःच ठिकठिकाणी जनसुनावण्या घेतल्या. आयोगाच्या पहिल्या अध्यक्ष शांता सिन्हा या बालमजुरांना शाळेत आणण्याच्या कामातून आलेल्या होत्या. आयोगाला चौकशीपुरते दिवाणी न्यायालयाचे अधिकार असल्याने अशा सभेला अधिकारी टाळाटाळ न करता येतात. संघटनेच्या सभेला मात्र निमंत्रणपत्रिकेत नाव असूनही ते ‘मीटिंग लागली’ म्हणून कळवतात.

आमदारांकडून नेमके काय हवे, हे आधी ठरवलेले नसेल तर सभा आश्वासनांवर संपते. जाणते कार्यकर्ते म्हणूनच तारीख अधिवेशन पाहून धरतात. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाच्या आधी सभा झाली, तर साक्षींतले आकडे तारांकित प्रश्नात, लक्षवेधी सूचनेत किंवा औचित्याच्या मुद्द्यात, म्हणजे सभागृहात सरकारपुढे विषय मांडण्याच्या आयुधांत, जाऊ शकतात. प्रश्नाचा मसुदा संघटनाच लिहून देते आणि आमदार सही करतात. यात कोणालाच कमीपणा वाटत नाही. मेळघाटात बालमृत्यू पावसाळ्यात वाढतात, त्यामुळे तिथला विषय पावसाळी अधिवेशनात निघतो. विरोधी पक्षाचा आमदार तो उत्साहाने मांडतो. सत्ताधारी आमदाराकडून तो मांडून घेणे हे खरे कसब. आचारसंहिता लागली की सगळेच थांबते.

साक्षीदारांना त्रास होतो, हा या पद्धतीचा जुना दोष. सभेत बोललेल्या बाईला दुसऱ्या दिवशी त्याच अंगणवाडीत, त्याच दवाखान्यात जायचे असते. तिचा राग सहसा अंगणवाडी सेविकेवर निघतो, कारण समोर दिसते ती तीच. तुटपुंज्या मानधनावर राबणारी सेविका खुलासा करत उभी राहते आणि आहाराचा पुरवठा ज्याच्याकडे आहे तो ठेकेदार मंडपात नसतोच. लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत जाहीर साक्ष घेताच येत नाही. पोक्सो कायद्याचे कलम २३ आणि बाल न्याय कायद्याचे कलम ७४ मुलाची ओळख उघड करण्यास मनाई करतात, आणि पत्रकार मंडपात असल्याने नाव, शाळा, गाव यांपैकी काहीही उच्चारणे धोक्याचे. अशी प्रकरणे बंद पाकिटात थेट पंचांकडे दिली जातात. कुपोषित मुलाला व्यासपीठावर उचलून दाखवण्याची रीतही अनेक संघटनांनी सोडली आहे. मूल आजीकडे, मंडपाबाहेर असते आणि आई वजनाचे कार्ड घेऊन बोलते.