व्हीलचेअर घेऊन वरळीचं तारांगण बघायचंय? आधी यूडीआयडी कार्डाचं काम उरका

माझ्या बहिणीचा मुलगा, सेरेब्रल पाल्सी आहे, व्हीलचेअरवर असतो. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ चं विक्रम लँडर उतरताना त्याने टीव्हीवर बघितलं आणि तेव्हापासून घरात रॉकेट, चंद्र, इस्रो याशिवाय विषय नाही. त्याला वरळीला तारांगण दाखवायला न्यायचं ठरवलं तर तिकिटापेक्षा यूडीआयडी कार्डाच्या, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राच्या, कागदपत्रांतच जास्त दिवस गेले, म्हणून जे आम्हाला तुकड्या-तुकड्यांत कळलं ते एकत्र लिहितेय.

पहिली गोष्ट, वरळीत दोन वेगळी ठिकाणं आहेत आणि रिक्षा-टॅक्सीवाल्यापासून नातेवाइकांपर्यंत सगळे गोंधळतात. नेहरू तारांगण डॉ. अ‍ॅनी बेझंट रोडवर, १९७७ पासूनचं, तिथे घुमटाखाली शो बघायचा. नेहरू सायन्स सेंटर डॉ. ई. मोझेस रोडवर, तिथे हात लावून करून बघायची मॉडेल्स आणि बाहेर मोठी बाग. आणि राकेश शर्मा १९८४ ला ज्या सोयुझ कॅप्सूलमधून परत आले ती दिल्लीच्या नेहरू तारांगणात आहे, मुंबईच्या नाही. पोरांना हे आधीच सांगा, आमच्याकडे त्यावरून बराच हिरमोड झाला.

आता कार्ड, सवलत मागताना हेच दाखवायचं असतं. लोक अजून हँडिकॅप सर्टिफिकेट म्हणतात, पण आता दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड दोन्ही स्वावलंबन कार्डच्या सरकारी साइटवरूनच निघतं. पात्रता म्हणाल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, फक्त हातापायाचं किंवा डोळ्याचं नाही, ऑटिझम, पार्किन्सन, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल पण त्यात येतात, कित्येक घरांना हे माहीतच नसतं आणि ते अर्जच करत नाहीत. बहुतेक सवलतींना ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व लागतं. कार्डावरच्या पट्टीचा रंगही त्यावरच ठरतो, ४० च्या खाली पांढरा, ४० ते ८० च्या आत पिवळा, ८० आणि वर निळा.

अर्जाला आधार, अलीकडचा फोटो, पत्त्याचा पुरावा आणि सही किंवा अंगठा स्कॅन करून लागतो, जुनं सर्टिफिकेट असेल तर तेही अपलोड करा. मुलगा अठरा वर्षांखालचा असेल तर आईवडील किंवा पालक त्याच्या वतीने भरू शकतात. फॉर्ममध्ये हॉस्पिटल निवडायचं असतं आणि इथेच मुंबईकरांची गोची होते कारण राहायला डोंबिवली-गोरेगाव आणि आधार गावचं, साताऱ्याचं नाहीतर रत्नागिरीचं. नियम असा आहे की पुराव्यावर जो जिल्हा आहे तिथे अर्ज करता येतो, किंवा ज्या सरकारी हॉस्पिटलात उपचार चालू आहेत किंवा झालेत तिथेही करता येतो. म्हणजे केईएम किंवा जेजेचे केसपेपर असतील तर ते जपून ठेवा, गावाला फेरी वाचते. हाजी अलीच्या पुनर्वसन संस्थेतही तपासणी होते. फॉर्म भरला की एनरोलमेंट नंबर येतो, तो आणि सगळे ओरिजिनल रिपोर्ट घेऊन त्या हॉस्पिटलच्या मेडिकल बोर्डासमोर तपासणीला जायचं. पैसे लागत नाहीत, कोणी एजंट मागत असेल तर देऊ नका. मंजूर झालं की साइटवरून कार्ड डाउनलोड होतं, प्लास्टिकचं नंतर पोस्टाने येतं. वेळ मात्र धरून चाला, मे महिन्याच्या सुट्टीत जायचं तर दिवाळीतच अर्ज टाका.

लोकलने जाणार असाल तर रेल्वेचं सवलत कार्ड वेगळं काढावं लागतं. त्याला रेल्वेच्याच नमुन्यातलं सवलत प्रमाणपत्र सरकारी डॉक्टरकडून भरून घ्या आणि दिव्यांगजनांसाठीच्या रेल्वेच्या साइटवर फोटो, ओळखपत्र, जन्मतारखेचा आणि पत्त्याचा पुरावा जोडून अर्ज करा. सोबत्याशिवाय प्रवास करताच येत नाही असं डॉक्टरने लिहिलं असेल तर सोबत्यालाही सवलत मिळते, ती ओळ लिहून घ्यायला विसरू नका, बहिणीने विसरली आणि परत रांग लावली. आम्ही स्वतः मेट्रो ३ ने गेलो, सायन्स सेंटर नावाचं स्टेशनच आहे, लिफ्ट आहे, महालक्ष्मीच्या पुलापेक्षा शंभर पटीने बरं.

जायच्या आठवडाभर आधी फोन करा, हे मी हात जोडून सांगते. तारांगण सोमवारी बंद असतं आणि मराठी शोची वेळ ठरलेली असते. फोनवर नुसतं रॅम्प आहे का विचारू नका, हो म्हणतात आणि ठेवून देतात. गाडी कुठल्या गेटपर्यंत येते, घुमटात व्हीलचेअरला जागा कुठे, लिफ्ट चालू आहे का, टॉयलेटचं दार किती रुंद, असं एकेक विचारा. आम्ही आधी दुसऱ्याच एका संग्रहालयात गेलो होतो तिथे लिफ्टची चावी ज्याच्याकडे तो रजेवर होता, पोराला उचलून तीन मजले चढवलं आणि तो पूर्ण वेळ गप्प होता. रॅम्पचं साधं गणित १ ला १२, म्हणजे अर्धा फूट पायरीला सहा फूट लांब उतार हवा, त्याहून उभा असेल तर मागून एक माणूस धरायला पाहिजेच.

तिकीट खिडकीवर कार्ड आधी पुढे करा आणि सवलत स्वतःहून विचारा. घुमटात मान मागे टाकून बघायचं असतं आणि साध्या व्हीलचेअरची पाठ मागे जात नाही म्हणून मानेची उशी न्या. अंधार आणि मोठा आवाज सहन न होणाऱ्या मुलांना दाराजवळची जागा आणि कानाला हेडफोन. भाच्याने विचारलं की पाय नसलेला माणूस अंतराळात जाऊ शकतो का, तर त्याला युरोपियन स्पेस एजन्सीच्या जॉन मॅकफॉलबद्दल सांगितलं, एक पाय नाही, २०२२ ला निवड झाली आणि २०२५ ला आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरच्या मोहिमेसाठी मेडिकल पास झाला.

आणि सोय नसेल तर गप्प बसू नका. जुन्या सार्वजनिक इमारती नियम निघाल्यापासून पाच वर्षांत सुगम, म्हणजे दिव्यांगांना सहज वापरता येतील अशा, करायच्या असं त्याच २०१६ च्या कायद्यात आहे आणि नियम जून २०१७ चे आहेत. आधी तिथल्या व्यवस्थापकाला लेखी द्या, पोच घ्या, नाही ऐकलं तर पुण्याच्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे साध्या कागदावर अर्ज, सोबत कार्डाची झेरॉक्स, पायऱ्यांचे फोटो आणि ती पोच जोडायची.